‘एल लोको’ : मार्सेलो बिएल्सा यांची लोकप्रियता आणि एका टोपणनावाची अर्थमीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या व्यक्तीची लोकप्रियता कशावरून ओळखावी, हा प्रश्न जितका समाजशास्त्राचा तितकाच भाषाशास्त्राचाही आहे. जमलेली गर्दी पांगते, वर्तमानपत्रांतील स्तुती दुसऱ्या दिवशी शिळी होते. परंतु एखाद्या माणसासाठी समाजाने शब्द घडविले, त्याच्या नावास प्रत्यय जोडले, त्याचे नाव वास्तूंस व रस्त्यांस दिले, तर त्या लोकप्रियतेचा पुरावा भाषेत साठून राहतो आणि त्याची छाननी करता येते. अशा छाननीस विशेष अनुकूल असे एक उदाहरण म्हणून अर्जेंटिनाचे फुटबॉल-प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, येथे कीर्ती आणि यश यांचे प्रमाण जुळत नाही. खेळाच्या क्षेत्रात लोकप्रियता विजयामागून येते अशी सर्वसामान्य समजूत आहे. बिएल्सा यांच्या नावावर अर्जेंटिनातील तीन साखळी विजेतेपदे (१९९०-९१, १९९२ व १९९८), एक ऑलिम्पिक सुवर्णपदक (२००४) आणि इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील एक विजेतेपद (२०२०) आहे. विश्वचषक नाही, युरोपातील कोणताही मोठा चषक नाही. यांहून कितीतरी अधिक चषक जिंकलेल्या अनेक प्रशिक्षकांच्या नावाने एखादी गल्लीही ओळखली जात नाही. बिएल्सा यांचे नाव मात्र रोसारिओ शहरातील क्रीडांगणाला आहे, लीड्स शहरातील एका गल्लीला आहे, आणि स्पॅनिश भाषेत त्यावरून एक भाववाचक नामही सिद्ध झाले आहे. ही विसंगती कशी उलगडावी, हाच येथील प्रश्न होय.

२. चरित्राची रूपरेषा

बिएल्सा यांचा जन्म २१ जुलै १९५५ रोजी सांता फे प्रांतातील रोसारिओ या शहरी झाला. घराणे विद्वानांचे व सार्वजनिक कार्यात वावरणारे. आजोबा राफाएल बिएल्सा हे प्रशासकीय कायद्याचे नामांकित पंडित. त्याच नावाचे बंधू २००३ ते २००५ या काळात अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री होते. भगिनी मारिया एउखेनिया या वास्तुविशारद असून त्यांनी सांता फे प्रांताचे उपराज्यपालपद भूषविले. अशा घरातील मुलाने फुटबॉल पत्करला आणि न्यूवेल्स ओल्ड बॉइज या गावच्याच क्लबाकडून तो बचावपटू म्हणून खेळू लागला. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द अल्प व सामान्यच ठरली. वयाच्या पंचविशीतच त्यांनी खेळणे सोडले आणि ते प्रशिक्षणाकडे वळले.

क्लबाच्या युवक विभागात काम करीत असताना खेळाडू शोधण्यासाठी त्यांनी लहानशा फियाट मोटारीतून गावोगाव केलेल्या भ्रमंतीच्या कथा अद्याप सांगितल्या जातात. पुढे स्वतः प्रसिद्ध प्रशिक्षक झालेले माउरिसिओ पोचेत्तिनो यांनी सांगितलेली हकीकत तर सर्वश्रुत आहे. बिएल्सा व त्यांचे ज्येष्ठ सहकारी खोर्खे ग्रिफा हे मर्फी या खेडेगावी मध्यरात्रीनंतर त्यांच्या घरी पोहोचले, झोपलेल्या मुलाचे पाय पाहण्याची परवानगी त्यांनी आईवडिलांकडे मागितली, आणि पाय पाहूनच मुलाची निवड केली.

१९९० मध्ये बिएल्सा न्यूवेल्सच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. दोन वर्षांत दोन विजेतेपदे मिळाली, आणि १९९२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, कोपा लिबेर्तादोरेसच्या, अंतिम फेरीत साओ पाउलोकडून पेनल्टीवर पराभव झाला. १९९८ मध्ये ते अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. पात्रताफेरीत अव्वल आलेला हा संघ २००२ च्या विश्वचषकात मात्र पहिल्याच फेरीत बाद झाला. २००४ मध्ये अथेन्स येथे त्यांच्या संघाने सहाही सामने एकही गोल न स्वीकारता जिंकून अर्जेंटिनास फुटबॉलमधील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. आणि त्याच वर्षी त्यांनी पदत्याग केला. त्यानंतर चिली (२००७–११), बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब (२०११–१३), मार्सेय (२०१४–१५), अल्पकाळ लील (२०१७) आणि लीड्स युनायटेड (२०१८–२२) असा प्रवास झाला. २०२३ मध्ये त्यांनी उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतली.

३. ‘लोको’ या शब्दाचे व्याकरण

स्पॅनिशमधील ‘लोको’ या विशेषणाचा कोशार्थ ‘वेडा’ असा आहे. (मराठीतील ‘लोक’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे.) या शब्दाच्या उपयोजनाचे तीन स्तर स्पॅनिशमध्ये व्याकरणानेच वेगळे केले आहेत. ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे त्या भाषेत आहेत : अवस्था दाखविणारे ‘एस्तार’ आणि स्वरूप अथवा वर्ग दाखविणारे ‘सेर’. ‘एस्ता लोको’ म्हणजे ‘त्याला वेड लागले आहे’. ही अवस्था झाली. ‘एस उन लोको’ म्हणजे ‘तो एक वेडा आहे’; हा वर्ग झाला. तिसऱ्या स्तरावर निश्चित उपपद येते : ‘एल लोको’. स्पॅनिशमध्ये विशेषनामापूर्वी सामान्यतः उपपद येत नाही, टोपणनावापूर्वी मात्र ते येते. या उपपदामुळे शब्द वर्गवाचक न राहता व्यक्तिवाचक होतो. ‘एल लोको बिएल्सा’ असे म्हणताना वक्ता निदान करीत नाही. तो नाव घेत असतो.

मराठीत उपपद नाही आणि ‘असणे’ हे क्रियापद एकच आहे. त्यामुळे हे भेद आपण अन्य मार्गांनी दाखवितो. ‘वेडा झाला आहे’ आणि ‘वेडा आहे’ यांत क्रियापदाच्या योजनेने भेद होतो. याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीने ‘वेडा’ या शब्दाचा समासात उत्तरपद म्हणून उपयोग करून त्याचा हीनार्थ जवळजवळ नष्ट केला आहे. नाटकवेडा, पुस्तकवेडा, ध्येयवेडा या शब्दांत निंदा नाही. असलीच तर कौतुकमिश्रित चेष्टा आहे. संतवाङ्मयातील ‘पिसे’ या शब्दाची वाटचालही याच दिशेने झालेली दिसते. एखाद्या विषयाशी जोडले गेले की वेड ही निष्ठा ठरते, असा या अर्थांतराचा नियम सांगता येईल. स्पॅनिशमध्ये हे काम ‘लोको पोर’ (‘अमुकाचा वेडा’) या रचनेने होते. ‘एल लोको’ या टोपणनावात मात्र कशाचा वेडा हे सांगितलेलेच नसते. ती जागा भाषकसमाज आपल्या माहितीने भरून काढतो.

अर्जेंटिनाच्या बोलीत या शब्दाला आणखी एक छटा आहे. ब्वेनोस आयरेस, रोसारिओ या भागांत मित्रास हाक मारताना ‘लोको’ हा शब्द सर्रास वापरतात. मराठीतील ‘अरे बाबा’, ‘लेका’ यांच्या जवळपासची ही सलगी आहे. दुसऱ्या टोकाला, एकोणिसाव्या शतकातील राष्ट्राध्यक्ष व लेखक दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएन्तो यांस त्यांचे विरोधक ‘एल लोको’ म्हणत. फुटबॉलमध्ये गोलरक्षक उगो गात्ती, आघाडीवर खेळणारे रेने हाउसमन यांनाही हेच टोपणनाव होते. म्हणजे बिएल्सा यांस मिळालेले नाव नवे नव्हते. त्या नावात सलगी, उपहास व आदर यांच्या छटा आधीच होत्या. त्यांपैकी कोणती प्रभावी ठरावी हे ज्याच्या-त्याच्या आचरणावर अवलंबून होते.

येथे रोसारिओच्या भाषिक परंपरेचाही उल्लेख केला पाहिजे. न्यूवेल्सचे समर्थक स्वतःस ‘लेप्रोसोस’, म्हणजे कुष्ठरोगी, म्हणवितात. प्रतिस्पर्धी रोसारिओ सेंट्रलचे समर्थक स्वतःस ‘कानायास’, म्हणजे नीच अथवा लुच्चे, म्हणवितात. कुष्ठरोग्यांच्या साहाय्यार्थ योजिलेला सामना खेळण्यास एका क्लबाने संमती दिली व दुसऱ्याने नकार दिला, त्यावरून ही नावे पडली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो. दोन्ही शिव्या आज अभिमानाने मिरविल्या जातात. हीनार्थक शब्द उचलून त्याचे भूषण करण्याची सवय ज्या शहराच्या अंगवळणी पडली आहे, त्या शहरात ‘लोको’ हे सन्मानाचे नाव व्हावे यात नवल नाही.

४. नावास जोडलेला प्रत्यय

टोपणनाव व्यक्तीविषयीचा जिव्हाळा दाखविते, तर प्रत्यय विचाराविषयीची मान्यता दाखवितो. अर्जेंटिनाच्या स्पॅनिशमध्ये व्यक्तिनामास ‘-इस्मो’ हा प्रत्यय लावून विचारसरणीचे आणि ‘-इस्ता’ लावून अनुयायाचे नाम घडविण्याची रीत राजकारणातून रूढ झाली. ‘पेरोनिस्मो’ हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. फुटबॉलमध्ये ही रीत दोन विश्वविजेत्या प्रशिक्षकांच्या संदर्भात दृढ झाली. १९७८ चे विजेते सेसार लुइस मेनोत्ती यांवरून ‘मेनोत्तिस्मो’ आणि १९८६ चे विजेते कार्लोस बिलार्दो यांवरून ‘बिलार्दिस्मो’. पहिल्यात उत्स्फूर्त सौंदर्यास प्राधान्य, दुसऱ्यात योजनेस व परिणामास. अर्जेंटिनातील एका संपूर्ण पिढीचे फुटबॉलविषयक वाद या दोन शब्दांत सामावलेले आहेत.

या जोडीत ‘बिएल्सिस्मो’ हा तिसरा शब्द आला, आणि त्याच्यामागे विश्वचषक नव्हता. या शब्दाचा आशय बराच निश्चित आहे : चेंडू गमावताच तो प्रतिस्पर्ध्याच्या भूभागात परत मिळविण्यासाठी धावणे, प्रतिस्पर्धी कितीही बलवान असला तरी आक्रमण न सोडणे, आणि यासाठी सामन्यापूर्वी असाधारण कसोशीने अभ्यास करणे. मेनोत्ती व बिलार्दो या दोघांचेही विचार आपण वर्षानुवर्षे ऐकले व दोहोंतील उत्तम ते घेण्याचा प्रयत्न केला, असे बिएल्सा यांनी स्वतः सांगितले आहे.

‘बिएल्सिस्ता’ हा शब्द कोणास लागतो आणि कोणास लागत नाही, हे पाहिले असता त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. दिएगो सिमेओने हे २००२ च्या विश्वचषकात बिएल्सा यांच्या हाताखाली खेळले. तरीही प्रशिक्षक म्हणून त्यांची शैली सावध बचावाची असल्याने त्यांस कोणी ‘बिएल्सिस्ता’ म्हणत नाही. २०१२ मध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात सिमेओने यांच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने बिएल्सा यांच्या बिल्बाओ संघास ३-० असे हरविले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. उलट खोर्खे साम्पाओली हे बिएल्सा यांच्या हाताखाली कधीही खेळले नाहीत, परंतु त्यांच्या विचारांचा त्यांनी निष्ठेने अभ्यास केला; २०१५ मध्ये चिलीस कोपा अमेरिका जिंकून देणारे हे प्रशिक्षक सर्वत्र ‘बिएल्सिस्ता’ म्हणून ओळखले जातात. यावरून असे दिसते की, हा प्रत्यय गुरुशिष्यसंबंध दाखवीत नाही. तो मताचा स्वीकार दाखवितो. मराठीत ‘-शिष्य’ आणि ‘-वादी’ यांत जो भेद आहे तोच येथे आहे.

५. उक्ती व कृती : लोकप्रियतेचा आधार

एवढ्या विवेचनानंतर मूळ प्रश्न शिल्लक राहतो. टोपणनावातील रिकामी जागा समाजाने कोणत्या माहितीने भरली? उपलब्ध घटनांचा विचार करता उत्तर असे दिसते की, बोललेला शब्द आणि केलेली कृती यांत अंतर पडू न देण्याचा हट्ट हेच त्या ‘वेडा’चे स्वरूप आहे.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना बिएल्सा यांनी कोणत्याही एका पत्रकारास स्वतंत्र मुलाखत द्यावयाची नाही असे ठरविले. मोठी दूरचित्रवाणी वाहिनी असो वा प्रांतातील लहानसे वर्तमानपत्र, सर्वांसाठी एकच पत्रकार-परिषद. आणि तीत मात्र प्रत्येक प्रश्नास सविस्तर उत्तर. चिलीमध्ये त्यांच्या कारकीर्दीत २००८ साली विश्वचषकाच्या पात्रताफेरीत अर्जेंटिनावर पहिलाच विजय मिळाला आणि २०१० मध्ये, १९६२ नंतर प्रथमच, विश्वचषकातील सामना जिंकला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय फुटबॉल संघटनेच्या निवडणुकीपूर्वी त्यांनी जाहीर केले की, विरोधी उमेदवार निवडून आल्यास आपण काम करणार नाही. सत्तांतर झाले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, ते पायउतार झाले.

लीड्समधील तीन घटना याहून अधिक बोलक्या आहेत. २०१८ मध्ये तेथे रुजू झाल्यावर, सामान्य प्रेक्षकास एका तिकिटाच्या पैशासाठी किती वेळ काम करावे लागते याची त्यांनी चौकशी केली. सुमारे तीन तास, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी आपल्या खेळाडूंस तीन तास सराव-मैदानाच्या परिसरातील कचरा वेचावयास लावले. जानेवारी २०१९ मध्ये प्रतिस्पर्धी डर्बी काउंटीचा सराव चोरून पाहण्यास त्यांनी माणूस पाठविल्याचे उघडकीस आले. त्यांनी सर्व जबाबदारी स्वतःकडे घेतली, पत्रकारांना बोलावून तासाहून अधिक वेळ आपली अभ्यासपद्धती पडद्यावर उलगडून दाखविली, सर्वच प्रतिस्पर्ध्यांचे सराव आपण पाहविले होते असेही सांगून टाकले, आणि क्लबास झालेला दोन लाख पौंडांचा दंड स्वतः भरला. त्याच वर्षीच्या २८ एप्रिल रोजी अ‍ॅस्टन व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडला असताना लीड्सने गोल केला. बिएल्सा यांनी आपल्या संघास बाजूला उभे राहून प्रतिस्पर्ध्यास गोल करू देण्याची आज्ञा केली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि थेट वरच्या श्रेणीत जाण्याची आशा संपली. पुढील वर्षी, २०२० मध्ये, सोळा वर्षांच्या खंडानंतर लीड्स प्रीमियर लीगमध्ये परतले.

विशेष असे की, लीड्समधील या सर्व काळात बिएल्सा स्पॅनिशमध्ये, दुभाष्याच्या साहाय्याने, नजर मेजाकडे वळवून बोलत असत. वक्तृत्वाने जिंकावे अशी ही परिस्थिती नव्हती. तरीही शहराने त्यांस आपल्या बोलीत सामावून घेतले. त्यांच्या सरावातील अखंड चालणाऱ्या सामन्यास खेळाडूंनी ‘मर्डरबॉल’ हे नाव दिले व ते प्रेक्षकांच्या तोंडी रुळले. ते ज्या निळ्या बादलीवर बसून सामना पाहत तिच्या प्रतिकृती विकल्या गेल्या. शहराच्या मध्यभागातील एका गल्लीवर ‘मार्सेलो बिएल्सा वे’ अशी पाटी लागली. इंग्रजीत ‘वे’ म्हणजे रस्ता आणि ‘वे’ म्हणजे रीतही. मराठीतील ‘मार्ग’ या शब्दास हीच द्व्यर्थता आहे; पाटीवरचा ‘मार्ग’ आणि ‘भक्तिमार्गा’तला ‘मार्ग’ हे एकच.

६. आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ज्या हट्टास येथे निष्ठा म्हटले, त्यासच दुराग्रह का म्हणू नये? आक्षेप निराधार नाही. २००२ च्या अपयशानंतर अर्जेंटिनात त्यांच्यावर तीव्र टीका झाली. लाझिओ या रोमच्या क्लबाशी २०१६ मध्ये झालेला करार दोन दिवसांत मोडला; मार्सेयमधून ते २०१५ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यानंतर निघून गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये लीड्सने एका महिन्यात वीस गोल स्वीकारले, तरी खेळण्याची रीत बदलली नाही, आणि त्यांस पदमुक्त करण्यात आले. २०२४ मध्ये उरुग्वेस कोपा अमेरिकेत तिसरे स्थान मिळाले. परंतु त्यानंतर ज्येष्ठ खेळाडू लुइस सुआरेस यांनी प्रशिक्षकांच्या अलिप्त वागणुकीमुळे संघात दुरावा निर्माण झाल्याची जाहीर तक्रार केली.

अशा प्रसंगी ‘लोको’ हा शब्द पुन्हा आपल्या मूळ कोशार्थाकडे झुकतो. म्हणजेच अर्थाचा उत्कर्ष येथे कायमचा झालेला नाही. तो प्रत्येक वेळी आचरणाने राखावा लागतो. भाषाशास्त्रात अर्थोत्कर्ष व अर्थापकर्ष या शतकानुशतके चालणाऱ्या प्रक्रिया मानल्या जातात. या उदाहरणात दोन्ही प्रक्रिया एकाच व्यक्तीच्या हयातीत, एकाच शब्दाच्या ठायी, आळीपाळीने घडताना दिसतात, हे त्याचे शास्त्रीय मोल आहे.

तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लीड्समधून पदमुक्त झाल्यावरही तेथील भिंतींवरील त्यांची चित्रे पुसली गेली नाहीत. न्यूवेल्सच्या क्रीडांगणास त्यांचे नाव २००९ मध्ये, त्यांनी तो क्लब सोडल्यानंतर सतरा वर्षांनी, दिले गेले. विजयावर आधारलेली लोकप्रियता पराभवाबरोबर ओसरते. ही ओसरली नाही.

७. निष्कर्ष

मराठीत या भेदासाठी शब्द तयारच आहेत. ‘लोकप्रिय’ म्हणजे लोकांस आवडणारा. ‘लोकमान्य’ म्हणजे लोकांनी ज्याचा अधिकार मान्य केला तो. ‘लोकविलक्षण’ म्हणजे लोकांहून निराळा. टिळकांच्या नावाशी जोडली गेल्यामुळे यांतील दुसरी पदवी आपल्याकडे इतरांस सहसा लावली जात नाही. परंतु संज्ञा म्हणून तिचा उपयोग येथे होतो. बिएल्सा यांचे टोपणनाव ‘लोकविलक्षण’ या अर्थाने आरंभते, त्यांच्या नावास लागलेला प्रत्यय ‘लोकमान्य’ या अर्थाकडे निर्देश करतो, आणि क्रीडांगण व गल्ली यांवरील नावे ‘लोकप्रिय’ या अर्थाची साक्ष देतात. चषकांच्या यादीत या तिहींपैकी एकाचीही नोंद सापडत नाही.

अपयशाने आपण घडलो व यशाने बिघडलो, अशा आशयाचे विचार बिएल्सा यांनी जाहीरपणे मांडले आहेत. विजयाचेच गोडवे गाणाऱ्या क्षेत्रात असे बोलणारा व त्याप्रमाणे वागणारा माणूस ‘वेडा’ ठरला, यात भाषेने काही चूक केली नाही. त्या शब्दात नेमकी कोणती छटा भरावयाची, हा निर्णय रोसारिओ, सान्तिआगो व लीड्स येथील सामान्य भाषकांनी केला. टोपणनावे, त्यांवरून साधलेली नामे आणि स्थलनामे यांचा एकत्र अभ्यास केल्यास समाज कोणत्या गुणांस मान देतो हे कळू शकते, एवढे या उदाहरणावरून दिसून येते. मराठी मुलखातील खेळाडू, नट व कार्यकर्ते यांच्या टोपणनावांचा याच पद्धतीने अभ्यास होणे अगत्याचे आहे.